सातशेचे 500 वॅट की तीन हजारांचे 450?

"मामा, 500 वॅटचा एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, सातशेला मिळतोय आणि 450चा तीन हजारांना. कमी वॅटला जास्त पैसे कसले?" नाशिकच्या एम. जी. रोडवरच्या दुकानातून भाच्याचा फोन. खोक्यावरचा मोठा आकडा खरा मानला, तर त्याचं काहीच चुकत नव्हतं.

मी दोन्हींच्या अंगावरच्या स्टिकरचे फोटो मागवले. बघायचं होतं एवढंच, की 12 व्होल्टच्या रकान्यात किती अँपियर लिहिलेत. प्रोसेसर काय, ग्राफिक्स कार्ड काय, दोघांचं पोट भरतं ते 12 व्होल्टवर. सातशेवाल्यावर 16 होते. 16 गुणिले 12, झाले 192 वॅट. बाकीचे वॅट 3.3 आणि 5 व्होल्टच्या रकान्यांत टाकून 500ची बेरीज जुळवलेली, आणि आजच्या मशीनला तिथे फारसं काही लागत नाही. दुसऱ्यावर 12 व्होल्टला 35 अँपियर, म्हणजे 420 वॅट.

भाच्याच्या मनात आय3-12100एफ प्रोसेसर आणि आरएक्स 6600 ग्राफिक्स कार्ड होतं. प्रोसेसर जोरात असताना 89 वॅट, कार्ड 132, बोर्ड-पंखे-एसएसडीचे पन्नासेक धरा. पावणेतीनशेच्या घरात गेलो. कार्ड बनवणारी एएमडीसुद्धा या कार्डाला 450 वॅटचा सप्लाय सुचवते. सातशेवाला इथेच बाद.

पण ग्राफिक्स कार्डच नसेल तर? ग्राफिक्स आतच असलेला रायझन 5 5600जी प्रोसेसर घेऊन टॅली आणि अभ्यास एवढंच करायचं असेल, तर सगळं मशीन दीडशे वॅटच्या आत राहतं. तिथे स्वस्तातला चालतो, कधीकधी वर्षानुवर्षं चालतो. माझी तक्रार तो बंद पडतो ही नाही, जाताना काय काय घेऊन जातो ही आहे. व्होल्टेज चढलं किंवा शॉर्ट झालं की स्वतःहून बंद होण्याची यंत्रणा चांगल्या एसएमपीएसमध्ये असते. स्वस्तात पहिली कात्री तिच्यावरच चालते. आमच्या सिडकोतल्या घरी एका वळवाच्या संध्याकाळी लाईट तीनदा गेली-आली. कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस उडाला आणि सोबत मदरबोर्ड आणि लग्नाचे फोटो असलेली हार्डडिस्क घेऊन गेला. बोर्ड नवा आला.

मागच्या बाजूला 115/230चं लाल बटण दिसलं, तर डिझाइन जुनं आहे असं समजा. ते बटण चुकून 115वर सरकलं की आपल्या 230वर फटाका ठरलेला.

आता मधला पर्याय: दोन-सव्वादोन हजारांचा साधा 80 प्लस, म्हणजे कार्यक्षमतेचा शिक्का असलेला. त्याच्यात आणि तीन हजारांच्या ब्रॉन्झमध्ये, म्हणजे याच शिक्क्याच्या वरच्या पायरीत, विजेचा फरक किती? मशीन 150 वॅट खातंय आणि रोज पाच तास चालतंय असं धरू. 80 टक्के कार्यक्षमतेला भिंतीतून 187 वॅट ओढले जातात, 85 टक्क्यांना 176. वर्षाला वीसेक युनिट वाचतात. युनिटला दहा रुपये धरले तरी दोनशे रुपये. निव्वळ वीजबिलासाठी ब्रॉन्झ घ्यायची गरज नाही. शिवाय 80 प्लसचा शिक्का फक्त कार्यक्षमतेचा असतो आणि चाचणी होते साधारण 23 अंशांच्या खोलीत. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत मशीन चालवणाऱ्याने त्यावर फार विसंबू नये.

मग जास्तीचे पैसे कशाचे? माझ्या मते वॉरंटीचे. कोर्सेअर सीव्ही450 ब्रॉन्झ असून तीन वर्षांची देतो, कूलर मास्टरचा एमडब्ल्यूई 450 ब्रॉन्झ व्ही2 पाच वर्षांची. तीन हजार भागिले पाच, वर्षाला सहाशे. सातशेवाल्याची वॉरंटी एका वर्षाची. महाग कोण ते भाच्यालाच विचारलं, तर फोनवर बराच वेळ शांतता. एमडब्ल्यूईमध्ये डीसी-टू-डीसी रचना आहे, म्हणजे सगळा भार 12 व्होल्टवर आला तरी 5 व्होल्टच्या ओळीचं व्होल्टेज हलत नाही. बिल मात्र जीएसटीचं, सिरीयल नंबर लिहिलेलं घ्या. कच्च्या बिलावर पाच वर्षांनी कोण उभं करणार?

सेकंडहँड ब्रँडेड हाही एक मोह. दीड हजारात 550 वॅट मिळतात, पण आतले कपॅसिटर किती वर्षं तापलेत ते वरून कळत नाही. दोन-तीन वर्षांचा, बिल असलेला आणि वॉरंटी शिल्लक असलेला मिळाला तर घ्यावा. ऑफिसच्या भंगारातले ब्रँडेड मशीनचे एसएमपीएस तर टाळाच. पुष्कळांचे कनेक्टर साध्या बोर्डाला बसत नाहीत.

घरी इन्व्हर्टर असेल तर तो स्क्वेअर वेव्ह, म्हणजे चौकोनी लाटेची वीज देणारा, आहे का ते आधी बघा. ॲक्टिव्ह पीएफसी (भिंतीतून वीज नीट ओढून घेणारं सर्किट) असलेले चांगले एसएमपीएस कधीकधी त्यावर नखरे करतात, लाईट गेली की मशीन रिस्टार्ट. घरच्या विजेसारखी लाट देणाऱ्या साइन वेव्ह इन्व्हर्टरवर ही भानगड नाही.

भाच्याने ब्रॉन्झ घेतला आणि कार्ड दिवाळीवर ढकललं. आठवड्याने पुन्हा फोन: "मामा, कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, एसएमपीएस खराब निघाला वाटतं." त्यांचं घर जुन्या नाशकातल्या वाड्यात, सॉकेटला तिसरं भोक आहे पण मागे वायरच नाही. अर्थिंग नसेल तर चांगल्या एसएमपीएसच्या फिल्टरमधूनही थोडा करंट कॅबिनेटवर येतो. बदलायला नेऊ नकोस म्हटलं, आधी वायरमनला बोलाव.