सहा रविवार आणि एक तक्ता : प्रेमकादंबरी-लेखनाच्या एका ऑनलाइन कार्यशाळेबद्दल

प्रेमकादंबरी कशी लिहावी हे शिकवणाऱ्या एका मराठी ऑनलाइन कार्यशाळेत मी नुकतेच सहा रविवार घालवले. दर रविवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत झूमवर वर्ग, २२ सहभागी, शुल्क ३,५०० रुपये आणि त्यात प्रत्येकाच्या २,००० शब्दांच्या मजकुरावर लेखी अभिप्राय, असे तिचे स्वरूप होते. आयोजकांचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि त्यांच्यापैकी बऱ्याचशा अशा प्रकारच्या कोणत्याही कार्यशाळेला लागू पडतील असे मला वाटते. पैसे भरण्यापूर्वी काय विचारून घ्यावे, एवढे जरी वाचणाऱ्याला यातून कळले तरी पुरे.

मी कोणत्या अवस्थेत तिथे गेले हे आधी सांगायला हवे. एका सहकारी बँकेच्या वसुली विभागात १९ वर्षे काढून मी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि देवगडच्या आमराईत घडणारी एक प्रेमकथा लिहायला बसले. चाळीस हजार शब्द झाले. आमराई चांगली उतरली होती, पाऊस चांगला उतरला होता, घावणे आणि नारळाचा रसही चांगले उतरले होते. हे बाड मी एका मैत्रिणीला वाचायला दिले, तेव्हा महिन्याभराने ते परत आले आणि तिने घातलेली खुणेची चिठ्ठी बाराव्या प्रकरणातच अडकलेली होती. तिने काहीच टीका केली नाही, पण मला जे समजायचे ते समजले.

पहिल्या रविवारी शिक्षिकेने प्रकाराची व्याख्या सांगितली. अमेरिकेतील प्रेमकादंबरीकारांच्या, १९८० मध्ये स्थापन झालेल्या संघटनेने या प्रकारासाठी दोनच अटी मानल्या आहेत : प्रेमकहाणी हाच कथेचा मध्यवर्ती भाग असावा आणि शेवट भावनिकदृष्ट्या समाधान देणारा, आशादायी असावा. लंडनची मिल्स अँड बून ही संस्था १९०८ पासूनची असली, तरी सुरुवातीला ती सर्व तऱ्हेची पुस्तके काढत असे आणि प्रेमकादंबरीकडे पूर्णपणे वळली ती १९३० च्या दशकात, हेही त्यांनी ओघात सांगितले. एरवी असा इतिहास वर्गाची वेळ भरून काढण्यासाठी सांगितला जातो, पण इथे त्यातून एक नेमका प्रश्न पुढे आला. दोघे एकत्र येणार हे वाचकाला मुखपृष्ठ पाहूनच ठाऊक असते, मग तीनशे पाने त्याने कशासाठी उलटायची? शेवटाबद्दलचे कुतूहल नसेल तर उत्सुकता टिकवण्याचा सगळा भार ‘हे दोघे एकत्र येऊच कसे शकतील’ या शंकेवर पडतो, आणि ती शंका खरी वाटावी म्हणून दोघांनाही प्रेमाखेरीज दुसरे काहीतरी, तेही तातडीने, हवे असावे लागते. इतके सरळ उत्तर मला आधी कोणी दिले नव्हते.

दुसरा रविवार तक्त्याचा होता आणि या कार्यशाळेचे पैसे त्या एका दुपारी वसूल झाले, असे मी म्हणेन. हा तक्ता मूळचा डेब्रा डिक्सन या अमेरिकी लेखिकेचा. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या पुस्तकातून तो जगभरच्या प्रेमकादंबरीकारांमध्ये पसरला. कोण, काय हवे, का हवे आणि का मिळत नाही, असे त्यात चार प्रश्न असतात. पात्राची ओळख सांगून झाली की उरलेल्या तीन प्रश्नांची उत्तरे दोनदा लिहायची : एकदा बाहेरच्या जगाच्या संदर्भात आणि एकदा पात्राच्या मनाच्या संदर्भात. म्हणजे प्रत्येक पात्राच्या वाट्याला सहा घरे येतात. नायिकेचा तक्ता वेगळा, नायकाचा वेगळा, आणि मग दोन्ही शेजारी शेजारी ठेवायचे.

माझ्या नायिकेच्या पहिल्या घरात मी ‘स्वावलंबी व्हायचे आहे’ असे लिहिले होते. शिक्षिकेने ते मोठ्याने वाचले आणि शांतपणे विचारले, “ठीक आहे, पण ताई, सोमवारी सकाळी उठून ती नेमकं काय करणार?” मला उत्तर देता आले नाही. चाळीस हजार शब्द लिहून झाल्यावर हे व्हावे, हे लाजिरवाणेच होते. त्यांचे म्हणणे असे की उद्दिष्ट हे डोळ्यांना दिसले पाहिजे, त्याला तारीख असली पाहिजे आणि ते साधले की फसले हे तिऱ्हाईतालाही सांगता आले पाहिजे. ‘सुखी होणे’, ‘स्वतःला शोधणे’, ‘खरे प्रेम मिळवणे’ या उत्तरांवर त्यांनी एकेक करून काट मारली, आणि बावीस जणांपैकी निदान पंधरा जणांच्या तक्त्यात यांतले काही ना काही होतेच.

त्या आठवड्यात मी नायिकेचा तक्ता पुन्हा भरला. वडील गेल्यानंतर ही पहिलीच फळधारणा. बाग नेहमीप्रमाणे व्यापाऱ्याला करारावर न देता तिला स्वतः आंबा काढून, पेट्या भरून वाशीला पाठवायच्या आहेत आणि ३१ मेपूर्वी बँकेची थकबाकी भरायची आहे. का, तर वडिलांनी आयुष्यभर उचल घेऊन बाग दुसऱ्याच्या हाती दिली आणि मालक असून ते स्वतःच्याच आमराईत पाहुण्यासारखे वावरले. नायक हा त्याच बँकेचा वसुली अधिकारी. आई कोल्हापूरला आजारी आहे, तिकडे बदली हवी आहे आणि तालुक्याची वसुली झाली तरच ती मिळणार आहे. दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर मला प्रथमच दिसले की त्याने मुदत दिली तर त्याची बदली जाते आणि नोटीस काढली तर तिची बाग जाते. यात दोघांपैकी कोणीही वाईट नाही, कोणी खोटे बोलत नाही, आणि तरीही दोघांचे एकदम भले होण्याचा मार्ग दिसत नाही. १९ वर्षे ज्या टेबलाशी मी बसले, तिथला हा रोजचा पेच होता. कादंबरीत मात्र मी घावण्यांचे वर्णन करत बसले होते.

तिसऱ्या रविवारी गैरसमज आणि संघर्ष यांतला फरक आला आणि त्यावर वर्गात खरी खडाजंगी झाली. शिक्षिकेची कसोटी साधी होती : दोघांनी एकमेकांना एक फोन करून दहा मिनिटे मोकळेपणाने बोलल्याने जे मिटते, तो संघर्ष नव्हे. दाराआडून ऐकलेले अर्धे वाक्य, दुसऱ्याच मुलीसोबतचा फोटो, वेळेवर न पोहोचलेली चिठ्ठी, हे सारे एका प्रकरणापुरते चालेल, पण त्यावर कादंबरी उभी राहत नाही. सहभागींपैकी अनेकजणी प्रतिलिपीसारख्या ऑनलाइन कथा-मंचावर भागशः लिहिणाऱ्या होत्या आणि त्यांनी याला ठाम विरोध केला. रोज एक भाग द्यायचा, तर भागाच्या शेवटी वाचकाला अडकवायला गैरसमजाइतकी हुकमी गोष्ट नाही, असे त्यांचे म्हणणे होते. अनुभवाच्या जोरावर बोलत होत्या त्या, आणि शिक्षिकेने तो मुद्दा थोडा घाईने बाजूला सारला असे मला वाटले. माझ्या मते गैरसमजाला जागा आहे, पण तो पात्राच्या जखमेतून उगवला पाहिजे. ज्या मुलाने लहानपणी स्वतःच्या घरावरची जप्ती पाहिली आहे, त्याला नायिकेच्या साध्या ‘पुढच्या आठवड्यात या’ या वाक्यातही थकबाकीदाराची टाळाटाळ ऐकू येईल. असा गैरसमज फोन करून मिटणार नाही, कारण बिघाड निरोपात नसून ऐकणाऱ्याच्या कानात आहे.

त्याच दिवशी सांगितलेली आणखी एक गोष्ट मोलाची होती. संघर्ष इतका तीव्र असेल, तर हे दोघे एकमेकांना टाळत का नाहीत, याचेही कारण कथेत हवे. नाहीतर शहाणी माणसे दुसऱ्या प्रकरणातच आपापल्या वाटेने निघून जातील. माझ्या कथेत बागेच्या पाहणीला त्याला यावेच लागते आणि कागद दाखवायला तिला थांबावेच लागते, त्यामुळे ही सोय आयतीच झाली.

आता तक्रारी. सर्वांत मोठी तक्रार तक्त्याच्याच पोटात आहे. नागपूरच्या एका सहभागीने विचारले, “माझ्या नायिकेचे बाबा लग्नाला नाही म्हणत नाहीत. ते फक्त ‘तुला योग्य वाटेल ते कर’ म्हणतात आणि रात्रीचं जेवण बंद करतात. हे बाहेरच्या घरात लिहू की आतल्या?” शिक्षिकेने क्षणाचाही विचार न करता ‘बाहेरच्या’ असे उत्तर दिले, कारण बाबा हे दुसरे पात्र आहे. यावर वीस मिनिटे चर्चा झाली आणि ती वेळ संपल्यामुळे थांबली. पुढच्या रविवारी ती पुन्हा उघडली गेली नाही. मला वाटते, मराठीत प्रेमकथा लिहिणाऱ्याने हाच प्रश्न धरून बसायला हवे. आपल्याकडे घरचा विरोध दरवेळी दारात लाठी घेऊन उभा नसतो. तो मुलीच्या मनात तिच्याच आवाजात बोलतो, बाबांनी ताट सरकवले की घास तिच्या घशात अडकतो. व्यक्ती आणि तिचे कुटुंब यांच्यामध्ये स्वच्छ रेघ मारणाऱ्या समाजात हा तक्ता तयार झाला, त्यामुळे त्यातली बाहेरची आणि आतली घरे वेगळी राहू शकतात. आपल्या कथेत ती रेघ पुसट असते, आणि तिला तशीच राहू देणे अनेकदा अधिक खरे असते. न्यू जर्सीहून पहाटे उठून वर्गाला बसणाऱ्या एका सहभागीने तर सांगितले की समुद्रापलीकडे जाऊनही ती रेघ तिला काही सापडलेली नाही.

दुसरी तक्रार उदाहरणांची. सहा रविवारांत जवळजवळ सगळी उदाहरणे हॉलिवुडची होती. ना. सी. फडके यांनी १९३१ मध्येच ‘प्रतिभासाधन’ लिहून कथा-कादंबरीच्या तंत्राचा विचार मराठीत मांडला होता, याचा उच्चारही झाला नाही. फडके तंत्राच्या फार आहारी गेले असा आक्षेप त्यांच्यावर आयुष्यभर घेतला गेला, आणि तो आक्षेप या तक्त्यालाही कसा लागू होतो यावर एक फर्मास चर्चा होऊ शकली असती. विश्राम बेडेकरांची १९३९ची ‘रणांगण’ घेतली असती तर संघर्ष म्हणजे काय हे अर्ध्या तासात समजले असते. युरोपातून परतणाऱ्या बोटीवर चक्रधर आणि हेर्टा भेटतात. तो मुंबईला उतरून घरी जाऊ शकतो, ज्यू असल्यामुळे देश सोडावा लागलेल्या तिला मात्र तिथे उतरण्याची मुभा नाही आणि तिची बोट शांघायकडे जाणार आहे. बाईच्या प्रेमात पुन्हा गुंतायचे नाही, ही त्याच्या मनातली गाठ. आणि मुंबईचा किनारा जवळ येत चालला आहे, ही बाहेरची मुदत. कितीही मोकळेपणाने बोलले तरी न मिटणारा पेच याहून वेगळा काय असतो? सुखान्त नसल्यामुळे ती पहिल्या रविवारच्या व्याख्येत बसत नाही हे खरे, पण गाठ कशी मारावी हे शिकताना ती सुटली की नाही याने काय बिघडते?

बाकीचे थोडक्यात सांगते. चौथा रविवार, म्हणजे उद्दिष्ट कथेच्या मध्यावर बदलते तेव्हा काय करावे हा भाग, चांगला होता. संवादांचा पाचवा रविवार सामान्य होता. सहावा प्रकाशनाच्या नावाखाली पुढच्या, अधिक महागड्या वर्गाची जाहिरात करण्यात गेला. ध्वनिचित्रमुद्रण फक्त १५ दिवस पाहता येते, हे पैसे भरल्यानंतर कळले. लेखी अभिप्राय ठरलेल्या तारखेनंतर तीन आठवड्यांनी आला आणि त्यातील दोन परिच्छेद माझ्या व दुसऱ्या एका सहभागीच्या कागदावर शब्दशः सारखे होते, हे आम्ही दोघींनी व्हॉट्सअॅपवर ताडून पाहिले. तक्रार केल्यावर उत्तर सौजन्याने आले, पण नवा अभिप्राय आला नाही. अशा कोणत्याही कार्यशाळेत नाव घालण्यापूर्वी अभिप्राय नेमका कोण लिहिणार आणि किती दिवसांत देणार, हे लेखी विचारून घ्यावे.

ज्यांची कथा अजून डोक्यातच आहे त्यांना ३,५०० रुपयांत हा सौदा बरा आहे. ज्यांचा मसुदा तयार आहे पण मध्येच बसकण मारतो, त्यांना तो फारच फायद्याचा आहे, मात्र पुन्हा लिहावे लागण्याची तयारी हवी. माझ्या चाळीस हजारांतले अकरा हजार शब्द उरले आहेत. ज्यांची भाषा चांगली आहे म्हणून ज्यांना आजवर कोणी अडवले नाही, अशांनी तर जावेच. मी त्यांतलीच एक होते.

तक्ता मी टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवला आहे. बाहेरच्या आणि आतल्या घरांमधली रेघ खोडरबराने पुसून टाकली आहे. नायकाच्या आईचे नाव नेमके त्या पुसलेल्या जागी लिहिले आहे, कारण बदली मिळाली तर ती बरी होईल, असे डॉक्टरांपैकी कोणीच म्हणालेले नाही. हे फक्त तो म्हणतो.