शिक्का ४०२६चा, माल ४०३३चा

आमच्या मंडळाच्या कबड्डी स्पर्धेसाठी मी गुणफलक करायला घेतला. दोन संघ, प्रत्येकी दोन आकडे, म्हणजे सीडी ४०२६ आयसी (ठोके मोजून आकडा सात पट्ट्यांच्या डिस्प्लेवर दाखवणारी चिप) चार लागणार. पुण्यात तापकीर गल्लीतल्या एका दुकानातून दहा उचलले, दोनचार उडतातच. भाव नेहमीपेक्षा कमी. "बिल नको ना?" मालक म्हणाला. मी नको म्हणालो. तिथेच माती खाल्ली.

घरी ब्रेडबोर्डवर (न डागता जोडण्या करायच्या पाटीवर) ० ते ९ झकास मोजलं. मैदानात तिसऱ्या सामन्याला गुण १४–११ असताना लेखनिकाने बटणाकडे हात नेला आणि फलकावर ८८–८८! हात मागे घेतला, पुन्हा १४–११. प्रेक्षकांत शिट्ट्या. शेवटी पंचांनी फळा-खडू मागवला.

मी आधी स्वतःलाच दोष दिला. सप्लाय बदलला, सप्लायमधला गोंगाट गाळायला प्रत्येक आयसीजवळ ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर लावले. बटण बाउन्स होत असतं, म्हणजे एका दाबाला अनेकदा जुळत असतं, तर आकडा पुढे पळाला असता. इथे तो परत जागेवर येत होता. हे सुचायला दोन रात्री गेल्या.

४०२६चा जुळा भाऊ म्हणजे ४०३३. क्लॉक (मोजायचे ठोके) पिन १, कॅरी (पुढच्या आकड्याचा हातचा) ५, रीसेट (शून्यावर आणणं) १५, सातही सेगमेंटच्या (आकड्याच्या पट्ट्यांच्या) पिना त्याच. मला नडला तो फरक १४ नंबरला. ४०२६मध्ये ते आउटपुट, लागत नसेल तर मोकळं सोडायचं. ४०३३मध्ये तोच लॅम्प टेस्टचा (पट्ट्या पेटतात का ते तपासायचा) इनपुट; हाय झाला, म्हणजे प्लसकडे गेला, की सगळे सेगमेंट पेटून ८ दिसतो, मोजणी मात्र आत शाबूत. माझ्या फलकावर ती पिन मोकळीच होती, आणि मोकळा सीमॉस (या आयसींची जात) इनपुट नुसता हात जवळ गेला तरी हलतो.

कापसाला ॲसिटोन लावून आयसीची पाठ पुसली. कापूस काळा झाला, ४०२६चा पांढरा शिक्का निघून गेला आणि खाली तिरक्या उजेडात पुसट ४०३३ दिसला. दहाही तसेच. न खपलेला माल रंगवून विकला असावा, हा माझा अंदाज.

दुकानात गेलो तर, "वापरलेला माल परत नाही. आणि आमचाच कशावरून?" बिल कुठे होतं माझ्याकडे!

तुम्ही घेणार असाल तर एक आयसी आधी तपासा: आकडा १ वर आणा, १४ नंबरची पिन १० किलोओहमच्या रझिस्टरमधून प्लसला लावा. ८ उमटला तर तो ४०३३.

फलकावरच्या चारही आयसींची १४ नंबरची पिन मी ग्राउंडला जोडली, आता बिनचूक चालतात. उरलेल्या सहांवर मार्करने ४०३३ लिहून ठेवलंय.