‘डिक्लाइन’ दाबायचं होतं

६,९६३ रुपये. खिसा कापला गेला नाही, ओटीपी कुणी मागितला नाही, लिंक आली नाही. बँकॉकच्या विमानतळावरच्या एटीएमवर मी स्वतःच्या बोटाने बटण दाबून यातले बरेचसे देऊन आलो. लाज वाटत होती म्हणून दोन महिने गप्प होतो. पण नाशकातून रोज कुणी ना कुणी थायलंडला निघतंय, म्हणून लिहितो.

आधी एक सांगतो, मी अडाण्यासारखा गेलो नव्हतो. झिरो मार्कअपचं, म्हणजे परदेशी चलनातल्या खर्चावर बँक वरून टक्केवारी लावत नाही असं, डेबिट कार्ड मुद्दाम काढलं होतं. साध्या कार्डावर साधारण साडेतीन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के जातात, ते वाचवायला. ॲपमधून इंटरनॅशनल वापर सुरू केला होता (२०२० पासून नवं कार्ड फक्त देशातच चालेल असं येतं, घरूनच सुरू करून निघा). तिथलं मशीन परदेशी कार्डाला दर वेळी २२० बाट लावतं हेही माहीत होतं, काही बँकांचं त्याहून जास्त. म्हणून एकदम २०,००० बाट काढले. २,००० काढले असते तर ११ टक्के नुसत्या फीत गेले असते. एवढा हिशोब करणारा माणूस मी!

पिन टाकला, २२० बाटची सूचना आली, हो म्हटलं. मग आणखी एक स्क्रीन. १ बाट = २.६६ रुपये, एकूण ५३,७८५.२० रुपये. खाली दोन पर्याय: ‘ॲक्सेप्ट कन्व्हर्जन’ आणि ‘डिक्लाइन कन्व्हर्जन’. इथेच थांबायला हवं होतं. खोटं कशाला बोलू, बारीक अक्षरांत ‘मार्कअप ८ टक्के’ असंही लिहिलेलं होतं. पण डिक्लाइन हा शब्द आपण ऐकतो कुठे? मुंबई नाक्याच्या पेट्रोल पंपावर. ‘साहेब, कार्ड डिक्लाइन होतंय, दुसरं आहे का?’ डिक्लाइन म्हणजे पैसे मिळणार नाहीत, हे डोक्यात पक्कं बसलेलं. त्यात मागे रांग, पहाटेची वेळ, बायको बॅगांपाशी उभी. दाबलं ‘ॲक्सेप्ट’.

डिक्लाइन दाबलं तरी पैसे येतात. नाकारला जातो तो फक्त त्या मशीनचा दर. व्यवहार बाटमध्येच नोंदला जातो आणि रुपये व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या दराने कापले जातात. त्या दिवशी तो दर २.४६ होता. २०,२२० बाटचे ४९,७४१.२० झाले असते. फरक ४,०४४ रुपये. आणि माझं झिरो मार्कअप कार्ड? ते परकीय चलनातल्या व्यवहाराला झिरो. मशीनने आधीच रुपये करून पाठवल्यावर त्या कार्डाला करायला उरतंच काय.

दुसरी खूण मोबाइलवर आली होती. एसएमएसमध्ये बाट नव्हते, थेट रुपये होते. मी म्हटलं, बरं झालं, हिशोब सोपा. तिसऱ्या दिवशी पट्टायात आणखी १०,००० बाट काढले. तिथे शब्द वेगळे होते, ‘विथ कन्व्हर्जन’ आणि ‘विदाउट कन्व्हर्जन’. पुन्हा तेच केलं, आणखी २,०४४ गेले. शब्द पाठ करू नका, मशीनगणिक बदलतात. स्क्रीनवर रुपयातला आकडा दिसला की तो नाकारायचा, एवढंच.

मॉलमध्ये तर विचारलंही नाही. ८,७५० बाटची खरेदी. विक्रेत्या मुलीने मशीन आपल्याकडे वळवून रुपयाचा पर्याय स्वतःच दाबला. २१,५२५ ऐवजी २२,४००. गेले ८७५. ही वरकड रूपांतर करणारी कंपनी आणि दुकान वाटून घेतात, मग ती कशाला विचारेल? कार्ड देतानाच ‘बाट’ म्हणा. स्लिपवर रुपये दिसले तर सही न करता तिथेच व्यवहार व्हॉइड, म्हणजे रद्द, करायला लावून पुन्हा स्वाइप करायला सांगा. हॉटेलात चेक-आउटच्या वेळी तर नक्कीच. काही बँका अशा रुपयातल्या परदेशी व्यवहारावर वर आणखी १ टक्का आणि जीएसटी लावतात, ते निराळंच.

परत आल्यावर शाखेत गेलो. काउंटरवरच्या बाईंनी स्टेटमेंट बघून विचारलं, ‘तुम्हीच ओके केलंय ना?’ कस्टमर केअरला हा प्रकार समजावून सांगण्यात २४ मिनिटं गेली, मग त्याने ‘कार्ड ब्लॉक करू का?’ असं विचारलं. पोलीस ठाण्यात म्हणाले, चोरी झालीच नाही तर लिहायचं काय. २७ दिवसांनी बँकेचं चार ओळींचं उत्तर आलं: व्यवहार ग्राहकाच्या संमतीने. अहो, एटीएमचं सोडा, पण मॉलमध्ये संमती घेतली कुणी? निवड ग्राहकानेच करायची हा व्हिसा-मास्टरकार्डचाच नियम आहे, आणि न विचारता रूपांतर केलं तर बँकेला डिस्प्यूट (व्यवहारावर हरकत) टाकता येतो. हे बँकेला मी सांगायचं! ८७५ साठी लेखी डिस्प्यूट दिला आहे, स्लिप जोडून. स्लिपा फेकू नका. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा ते पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या तक्रार पोर्टलवर तक्रार करता येते, चौकशीचा नंबर १४४४८.

रोख नेणार असाल तर इथूनच परवानाधारक चलन विक्रेत्याकडून १०० डॉलरच्या नोटा घ्या. बँकॉकात मोठ्या नोटेला दर चांगला मिळतो. विमानतळाच्या आगमन कक्षातल्या काउंटरवर बदलू नका, खाली रेल्वेच्या मजल्यावर उतरा. आपल्याकडे डॉलर घेताना बिल मागाच. १ लाखाच्या चलनावर जीएसटी १८० रुपये होतो, हजारात सांगणारा खोटं बोलतोय. ५०,००० रुपयांच्या वर रोख देऊन चलन मिळत नाही. जो देतो म्हणतो त्याच्याकडे बिलही नसतं. आणि हो, बरीच मशीनं आधी पैसे देतात, कार्ड नंतर. नोटा मोजत निघून जाऊ नका.

साडू पुढच्या महिन्यात निघालाय. त्याच्या कार्डाच्या कव्हरवर पट्टी चिकटवून पेनाने लिहून दिलंय: ‘डिक्लाइन दाब, पैसे येतात.’ कार्डावर चिकटवू नका, मशीनमध्ये अडकेल.