एमकेएफएसचा ‘-सी’ आणि बॅडब्लॉक्स: कितपत कामाचे?

लिनक्समध्ये डिस्क फॉरमॅट करून तिच्यावर ईएक्सटी४ फाइलसिस्टिम (फाइली मांडून ठेवायची रचना) बनवताना एमकेएफएस या कमांडला ‘-सी’ हे ऑप्शन दिलं की आधी बॅडब्लॉक्स हा प्रोग्रॅम अख्खी डिस्क वाचून काढतो. वाचता न येणारे ब्लॉक (डिस्कचे छोटे तुकडे) आयनोड क्रमांक १ च्या, म्हणजे खराब ब्लॉकसाठी राखून ठेवलेल्या नोंदीच्या, नावावर चढतात, म्हणजे तिथे फाइल कधीच ठेवली जात नाही. ‘-सी’ दोनदा दिलं तर लिहून-वाचून तपासणी होते. त्यात डेटा पुसला जातो, पण फॉरमॅटच करायचंय म्हटल्यावर त्याचं काय!

सोय चांगली, पण जुन्या डिस्कच्या काळातली. आता खराब सेक्टरच्या (डिस्कवरच्या सगळ्यात लहान जागेच्या) जागी राखीव सेक्टर हार्ड डिस्कचा कंट्रोलरच लावतो, आणि तेही बहुधा त्या सेक्टरवर लिहायची वेळ येते तेव्हा. नुसत्या वाचणाऱ्या ‘-सी’ला असा सेक्टर सापडला की तो यादीत अडकून पडतो, एकदा लिहिलं असतं तर कदाचित डिस्कनेच तो निस्तरला असता. त्यामुळे या यादीला आता फारसा अर्थ नाही. एक्सएफएस आणि बीटीआरएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टिममध्ये तर ती नाहीच.

डिस्क ठेवायची की परत करायची, हे ठरवायला मात्र बॅडब्लॉक्सला तोड नाही. तो फॉरमॅटच्या आधी वेगळा चालवावा:

बॅडब्लॉक्स -डब्ल्यूएसव्ही -बी ४०९६ /डेव्ह/एसडीबी

यातला ‘-डब्ल्यू’ म्हणजे लिहून-वाचून तपासणी, ‘-बी’ म्हणजे ब्लॉकचा आकार. डिस्कचं नाव एलएसबीएलके या डिस्कची यादी दाखवणाऱ्या कमांडने पुन्हा बघून घ्या. माउंट असलेल्या (वापरासाठी जोडलेल्या) डिस्कला बॅडब्लॉक्स नकार देतो, पण माउंट नसलेली चुकीची डिस्क न विचारता साफ करतो. ‘-बी’ विसरलात तर ब्लॉक १०२४ बाइटचा धरला जातो, आणि ब्लॉकचा क्रमांक ३२ बिटांत बसवायचा असल्याने साधारण ४.४ टीबीच्या पुढे एरर येते. १८ टीबीला ४०९६ही अपुरा, तिथे ८१९२.

वेळेची तयारी ठेवा. एए, ५५, एफएफ आणि ०० (हेक्साडेसिमल) असे चार पॅटर्न, प्रत्येक लिहायचा आणि वाचायचा, म्हणजे आठ फेऱ्या. सरासरी १५० एमबी प्रतिसेकंद धरले तरी ४ टीबीला साठेक तास. एसएमआर डिस्क (जिच्यात ट्रॅक एकमेकांवर थोडे चढवून लिहितात) याहून रेंगाळू शकते.

स्क्रीनवर टक्क्यांशेजारी (०/०/०) दिसतं: वाचताना, लिहिताना आणि पडताळताना आलेल्या चुका. फक्त तिसरा आकडा वाढला तर डिस्कने तक्रार न करता वेगळाच डेटा परत दिलाय. तिला दोष देण्याआधी केबल, यूएसबी केस आणि रॅम तपासा.

तपासणीच्या आधी आणि नंतर स्मार्टसीटीएल -ए चा (डिस्कने स्वतःच्या तब्येतीच्या ठेवलेल्या नोंदी दाखवणाऱ्या कमांडचा) निकाल जपून ठेवा. ५ क्रमांकाचा (बदललेले सेक्टर) रॉ आकडा चढला किंवा १९७ (संशयित सेक्टर) शून्यावर आला नाही, तर वॉरंटी असेपर्यंत डिस्क परत करा. १९९ (डेटा पोचवतानाच्या चुका) चढला तर दोष बहुधा केबलचा.

एसएसडीवर ‘-डब्ल्यू’ म्हणजे फुकटची झीज. खोट्या क्षमतेचे पेनड्राइव्हही यातून सुटू शकतात, कारण सगळीकडे एकच पॅटर्न लिहिला जातो आणि जुन्याच जागेवर पुन्हा लिहिलेलं ओळखू येत नाही. त्यांच्यासाठी एफ३ हा प्रोग्रॅम वापरा.