हॉटेल कामगारांचं ‘मेडिकल’: जागेवर येणारी शिबिरं घ्यावीत का?

पुण्यात हॉटेल, मेस किंवा क्लाउड किचन चालवणाऱ्यांपुढे कामगारांच्या वार्षिक मेडिकलसाठी तीन वाटा असतात. दोघं-तिघं करून सगळ्यांना जवळच्या दवाखान्यात पाठवायचं, लॅबवाल्यांचं शिबिर आपल्या जागेवर बोलवायचं, नाहीतर आधार कार्डांचे फोटो पाठवून सर्टिफिकिटं मागवायची. तिसरी वाट म्हणजे चक्क फसवणूक, तिच्या वाटेला जाऊ नका. पंधरापेक्षा जास्त माणसं असतील तर शिबिर सोयीचं पडतं, पण लॅबवाले पुढे करतात ते पॅकेज जसंच्या तसं घेऊ नका.

कारण नियम काय मागतो आणि पॅकेजमध्ये काय असतं, यांचा मेळ बसत नाही. अन्नसुरक्षा परवान्यांच्या 2011 च्या नियमावलीत शेड्यूल 4 आहे. त्यातल्या परवानाधारकांच्या भागात वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी, नोंदणीकृत डॉक्टरच्या सहीची नोंद आणि टायफॉइड गटातल्या आजारांवरची लस, एवढं सांगितलंय. सर्टिफिकिटाच्या नमुन्यात शारीरिक तपासणी, डोळे, त्वचा आणि लस येते. चाचणी येते ती एखाद्या संसर्गजन्य आजाराची शंका असेल तर, आणि तीही त्या आजाराची. सरसकट सगळ्यांचं रक्त काढा असं त्यात कुठेही नाही.

पॅकेजमध्ये मात्र सगळा भर रक्तावर. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), शुगर, विडाल (टायफॉइडची रक्तचाचणी). यातली विडाल तर आधी काढायला सांगा. आपल्याकडे टायफॉइड इतका पसरलेला आहे की धडधाकट माणसाचीही विडाल पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि आजार न दिसता जंतू बाळगणारा माणूस तिच्यातून निसटू शकतो. म्हणजे चांगला आचारी विनाकारण घरी बसतो आणि ज्याला शोधायचं तो फोडणी देत राहतो. काही पॅकेजमध्ये एचआयव्हीही घातलेली असते. नोकरीसाठी ही चाचणी सक्तीची करायला 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने बंदी आहे. शिवाय जेवण रांधण्या-वाढण्यातून तो आजार पसरतही नाही.

पैसे खरे वसूल होतात ते डॉक्टर हात बघतात तेव्हा. चांगल्या शिबिरात डॉक्टर खिडकीपाशी बसतात, कामगाराला हात धुऊन, कोरडे करून यायला सांगतात. आधी तळवे, मग उलटे हात, मग बोटं फाकवून बेचक्या. भांड्यांच्या मोरीवर दिवसभर साबणाच्या पाण्यात हात असणाऱ्या मावशींच्या बेचक्या पांढऱ्या पडून सोललेल्या असतात, त्या चिखल्या. नखाची कड लाल, सुजलेली, दाबली की पू, ते नखुरडं. चिरलेल्या किंवा भाजलेल्या जागी पू झाला असेल तर त्यातले स्टॅफिलोकोकस जंतू खव्यात, क्रीममध्ये, मळून ठेवलेल्या कणकेत जातात. त्यांचं विष एकदा तयार झालं की पदार्थ पुन्हा उकळूनही जात नाही. अशा माणसाला घरी पाठवायची गरज नसते. जखम भरेपर्यंत उघड्या अन्नापासून लांबचं काम द्यायचं, जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी आणि तीवर हातमोजा. हे सगळं बघायला माणशी चार-पाच मिनिटं तरी लागतात. तासाभरात चाळीस जणांची सर्टिफिकिटं झाली, तर हात कुणाचेच बघितलेले नाहीत.

शौचाची तपासणी बऱ्याच शिबिरांत नावापुरती होते. डब्या ऐनवेळी वाटल्या की निम्म्या रिकाम्या परत येतात, कुणी दुसऱ्याचा नमुना भरून देतो. रुंद तोंडाच्या डब्या आदल्या रात्रीच नाव घालून द्याव्यात, बदामाएवढा नमुना पुरतो. तो दोनेक तासांत सूक्ष्मदर्शकाखाली गेला नाही तर आवेचे जंतू ओळखणं अवघड होतं. साध्या तपासणीत जंतांची अंडी आणि जिआर्डिया, अमिबा हे आतड्यातले परजीवी दिसतात. टायफॉइडच्या जंतूसाठी कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून बघायची चाचणी) लागतं, आणि जंतू रोज बाहेर पडत नाहीत म्हणून संशय असेल तर वेगवेगळ्या दिवशींचे तीन नमुने. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसची (गिया-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) साथ आली, तेव्हा काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा पोट बिघडवणारा जंतू सापडला होता. तो या साध्या तपासणीत दिसत नाही. त्यासाठी टाकीच्या पाण्याकडेच बघावं लागतं.

टायफॉइडच्या लसीच्या टेबलावर आधी पेटी उघडायला सांगा. आत थर्मामीटर हवा आणि पारा 2 ते 8 अंशांमध्ये. फ्रीझरमधून काढलेला कडक बर्फाचा पॅक कुपीला चिकटून असेल तर लस गोठते, आणि गोठलेली लस टाकूनच द्यायची. डोस 0.5 मिलीलीटर, दंडाच्या स्नायूत, प्रत्येकाला नवी सुई. साध्या व्हीआय लसीचा डोस दर तीन वर्षांनी पुन्हा घ्यावा लागतो, दर वर्षी नाही. लस ‘वार्षिक’ म्हणून माथी मारत असतील तर मागचं कार्ड दाखवा. टोचल्यावर निदान पंधरा मिनिटं बसवून ठेवायचं आणि टेबलावर अॅड्रिनलिनची (जोराची अॅलर्जी आली तर द्यायचं औषध) अँप्यूल हवीच. ती नसेल तर लस टोचू देऊ नका. वापरलेल्या सुया पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात जमा करून लॅबनेच परत न्यायच्या. कार्डावर लसीचं नाव, बॅच, मुदत आणि तारीख हवी.

‘कोर्टाने सक्ती उठवली ना?’ हा प्रश्न प्रत्येक शिबिरात निघतो. उठली ती कोविडच्या लसीची. ऑगस्ट 2021 मध्ये राज्याने हॉटेलं रात्री दहापर्यंत उघडी ठेवू दिली ती कर्मचाऱ्यांचे दोन्ही डोस होऊन 14 दिवस झाले असतील या अटीवर. एप्रिल 2022 मध्ये सगळेच निर्बंध गेले. 2 मे 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कुणालाही लस घ्यायला भाग पाडता येत नाही, पण त्याच निकालात सार्वजनिक आरोग्यासाठी वाजवी निर्बंध घालायची मुभाही ठेवली. शेड्यूल 4 मधली टायफॉइडची अट यातल्या कशानेही गेलेली नाही. तरी दंड धरून कुणाला टोचायचं नाही. मराठी-हिंदीत नीट समजावून सांगणारी नर्स असली की बहुतेक जण स्वतःहून बाही वर करतात. तरीही नको म्हणाला तर नोंद ठेवा आणि त्याला स्वयंपाकघराबाहेरचं काम द्या.

सर्टिफिकिट हातात आल्यावर डॉक्टरची सही शाईची आहे ना आणि नोंदणी क्रमांक वाचता येतो ना, हे बघा. टेक्निशियनची सही चालत नाही.

शिबिरांची मोठी उणीव म्हणजे ती वर्षातून एकदाच होतात, आणि हॉटेलातली माणसं गणपती-दिवाळीला गावी गेली की निम्मी परत येत नाहीत. ठरवतानाच नव्या माणसांना त्याच दरात लॅबच्या दवाखान्यात तपासायचं लेखी घ्या. शिबिर मे महिन्यात ठेवा. लसीचा परिणाम व्हायला दोनेक आठवडे लागतात, आणि जूनमध्ये पाणी गढूळ व्हायला लागतं.