स्केलचेंजर पेटी: भजनी मंडळाने घ्यावी का?

सप्ताहाच्या वर्गणीतून पैसे उरले, त्यात नवी पेटी घ्यायचं ठरलं, की गावातली चार माणसं नांदेड, लातूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या वाद्यांच्या दुकानात जातात. तिथे त्यांच्यापुढे पहिली येते ती स्केलचेंजर. पॉलिश झगझगीत असतं, कीबोर्ड सर्रकन इकडून तिकडे सरकतो आणि किंमत साध्या पेटीच्या जवळपास दुप्पट असते. हा पैसा दहा घरांतून गोळा झालेला असतो, म्हणून ती दुप्पट किंमत नेमकी कशाची आणि मराठवाड्यातल्या देवळात ती वसूल होते का, हे नीट तपासायला हवं.

इथे जी पेटी पाहिली आहे ती बाजारात सर्रास मिळणारी: 42 पट्ट्या म्हणजे साडेतीन सप्तकं, रीडच्या, म्हणजे हवेने बोलणाऱ्या पितळी जिभांच्या, दोन ओळी (खालच्या सप्तकाची खर्ज आणि वरची नर, दुकानात ‘बास-मेल’), कीबोर्ड नऊ जागी सरकणारा, सोबत कपलर, म्हणजे एका पट्टीबरोबर सप्तक सोडून दुसरीही वाजवणारी जोडणी. तुलनेला तशीच दोन ओळींची साधी पेटी.

फरक आतल्या रचनेत आहे. साध्या पेटीत पट्टीच्याच खाली चामडं लावलेली झडप असते. पट्टी दाबली की झडप उचलली जाते, हवा रीडमधून जाते आणि सूर बोलतो. पट्टी आणि रीड यांची जोडी कायमची. स्केलचेंजरमध्ये पट्ट्या एका सरकत्या चौकटीत बसवलेल्या असतात, झडपा मात्र खाली स्वतंत्र, आपापल्या स्प्रिंगवर. पट्टी दाबली की मधला एक खिळा झडपेच्या दांडीवर दाब देतो. चौकट एक घर सरकवली की तीच पट्टी शेजारच्या रीडवर येते आणि सगळा सूर अर्ध्या स्वराने चढतो किंवा उतरतो. वादकाची बोटं होती तिथेच राहतात.

याचा खरा उपयोग एकाच माणसाला होतो: ज्याची बोटं एकाच सुरात बसली आहेत, पण ज्याला रोज वेगळ्या गळ्याची साथ करायची आहे. सप्ताहात सात रात्री सात कीर्तनकार येतात. एका महाराजांचा सूर काळी चार (सप्तकातली चौथी काळी पट्टी), दुसऱ्यांचा पांढरी पाच, तिसरे काळी पाचला गातात. गावातला पेटीवाला काळी चारवर हरिपाठ वाजवून तयार झालेला असेल, तर पांढरी पाचवर त्याची बोटं अडखळतात. अशा मंडळाला स्केलचेंजर मोठा आधार आहे आणि त्यासाठी जास्त पैसे गेले तरी ते योग्य जागी गेले. काकडा, हरिपाठ, एकादशीचं भजन एवढंच असेल आणि गाणारी माणसं तीच असतील, तर कीबोर्ड पहिल्या दिवशी एका जागी लावला जातो आणि वर्षानुवर्षं तिथून हलत नाही.

शिवाय पखवाज आहे. पेटी नऊ जागी सरकेल, पखवाज सरकत नाही. शाईची पुडी, म्हणजे ज्यावर थाप पडते ते चामडं, एका सुराला बांधलेली असते. गट्टे (वादीखालचे लाकडी ठोकळे) आणि गजऱ्यावर (पुडीच्या कडेची वेणी) हातोडी चालवून ती अर्धा स्वर, फार तर थोडं पुढे नेता येते. त्याहून चढवली तर पुडी फाटते, उतरवली तर आवाज बसतो. म्हणून जी मंडळं खरोखर वेगवेगळ्या सुरात गातात ती दोन पखवाज ठेवतात. तुमच्याकडे पखवाज एकच असेल, तर स्केलचेंजरच्या नऊ जागांपैकी दोन किंवा तीनच कामाला येणार, हे दुकानात जाण्याआधी मृदंग वाजवणाऱ्यांना विचारून घ्यावं.

दोष कुठे निघतात? पहिला दोष जुळणीचा. चौकट घरात पूर्ण बसली नाही की खिळा दोन दांड्यांच्या मध्ये येतो, मग एक पट्टी दाबली की दोन सूर बोलतात किंवा एकही बोलत नाही. नव्या पेटीत हे होत नाही. वापराने खाचा झिजल्या की होतं. त्यात आपल्याकडची धूळ. काळ्या मातीची उन्हाळ्यातली धूळ पिठासारखी बारीक असते, पैठणला नाथषष्ठीच्या गर्दीत तासभर पेटी उघडी ठेवली तरी पट्ट्यांवर थर दिसतो. ही धूळ चौकटीच्या सरकपट्टीत बसली की कीबोर्ड जड होतो, मग माणसं जोर लावतात आणि खिळे वाकतात. तेल तर अजिबात सोडू नये, धूळ तेलात घट्ट होते. सुकं मेण किंवा पेन्सिलीच्या शिशाची पूड हलकी घासली तरी पुरतं. सरकवताना एकही पट्टी दाबलेली नको आणि भात्यात हवा नको.

दुसरा दोष वजनाचा. सरकती चौकट, जादा दांड्या, कपलर, मोठी पेटी आणि ती ठेवायचा खोका यांमुळे स्केलचेंजर साध्या पेटीपेक्षा बरीच जड होते. एकट्या म्हाताऱ्या माणसाला ती देवळाच्या पायऱ्यांवरून नेता येत नाही, आणि बऱ्याच गावांत पेटीवाला म्हाताराच असतो.

तिसरी गोष्ट दोष म्हणण्यापेक्षा मर्यादा आहे, पण कान असलेल्याला ती सगळ्यात जास्त खटकते. स्केलचेंजरमध्ये कोणतीही रीड कोणत्याही जागी ‘सा’ होऊ शकते, म्हणून बाराही स्वर सारख्या अंतरावर, म्हणजे 100-100 सेंटवर लावावे लागतात (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). गळ्यातला शुद्ध गंधार मात्र 400 सेंटवर नसतो, तो 386 सेंटवर लागतो. साधी पेटी तुमच्या एकाच सुराला धरून नैसर्गिक लावून घेता येते. पेटीवाले याला गांधार ट्यूनिंग म्हणतात. सूर काळी चार असेल तर गंधार येतो पांढरी एकवर, तो 14 सेंट उतरवायचा. धैवत पांढरी चारवर, तो 16 उतरवायचा. निषाद पांढरी पाचवर, तो 12 उतरवायचा. पंचम काळी दोनवर, तो 2 चढवायचा. अशा पेटीवर यमन किंवा भूपाच्या अंगाचा अभंग धरला की गळा आणि पेटी एकमेकांत मिसळून जातात, टाळ थांबले तरी तो सूर सभामंडपात भरून राहतो. मात्र तीच पेटी दुसऱ्या सुरात धरली तर बेसूर लागते. एका सुराला बांधलेलं मंडळ असेल तर हा सौदा फायद्याचा आहे, आणि तो स्केलचेंजरमध्ये मिळत नाही.

आता दुकानातली तपासणी. पॉलिश आणि नक्षी शेवटी बघा.

आधी भाता. रीडकडे हवा सोडणाऱ्या सगळ्या खुंट्या बंद करून भाता हलवा. आतला भाता भरला की बाहेरचा दाबल्यावर हाताला विरोध लागला पाहिजे. तो सहज बसत गेला तर हवा कुठून तरी निसटते आहे. मग एकच खुंटी उघडा, मधल्या सप्तकातली एक पट्टी दाबून धरा, भात्याचा हात सोडा आणि मोजा. बारा ते पंधरा सेकंद सूर टिकला तर भाता चांगला. सहा-सातला संपला तर ती पेटी दोन तासांच्या कीर्तनात वादकाचा डावा हात मोडेल.

मग एकेक रीड. 42 पट्ट्यांच्या दोन ओळी म्हणजे साध्या पेटीत 84 रीड, आणि त्या सगळ्या ऐकायच्या, घाई करायची नाही. आधी फक्त नर ओळ, मग फक्त खर्ज, मग दोन्ही. हलका दाब दिला तरी रीड लगेच बोलली पाहिजे. खर्जाच्या टोकाच्या रीड थोड्या उशिरा बोलतात, तेवढं चालतं. दोन्ही ओळी एकत्र धरल्यावर आवाजात ‘वाँव-वाँव’ अशी लाट आली तर त्या दोन रीड एकमेकींशी जुळलेल्या नाहीत. मोबाइलमध्ये ट्यूनरचं ॲप घ्या, पांढरी सहा 440 हर्ट्झला धरा. काळी चार ट्यूनरवर ‘जी शार्प’ दिसते, मधल्या सप्तकात 415.3 हर्ट्झ, काळी पाच ‘ए शार्प’, 466.2 हर्ट्झ. पाच सेंटपर्यंतचा फरक सोडून द्या, त्यापुढचा दुकानातच दुरुस्त करून मागा.

रीड पालिताण्याच्या आहेत असं सांगितलं जाईल. गुजरातमधलं पालिताणा हार्मोनियमच्या रीडसाठी प्रसिद्ध आहे हे खरं, पण तिथूनही हलका आणि भारी दोन्ही माल येतो. नावावर न जाता कानावर जा.

स्केलचेंजर असेल तर एक चाचणी जादा. कीबोर्ड नऊच्या नऊ जागी सरकवा आणि प्रत्येक जागी अगदी पहिली आणि अगदी शेवटची पट्टी वाजवा. 42 पट्ट्या नऊ जागी पूर्ण बोलायच्या तर आत प्रत्येक ओळीत 50 रीड लागतात. काही पेट्यांत तेवढ्या बसवलेल्या नसतात, मग कडेच्या पट्ट्या मुक्या राहतात. शिवाय प्रत्येक जागी शेजारच्या दोन-दोन पट्ट्या पाठोपाठ दाबून बघा. दोन सूर एकदम आले तर ती पेटी बाजूला ठेवा.

कपलरवर पैसे घालवू नका. एक पट्टी दाबली की सप्तक सोडून दुसरीही बोलते, आवाज भरतो, पण हवा झपाट्याने संपते आणि पट्ट्या जड होतात. द्रुत चालीत बोट अडतं. पट्टी न दाबता एकच सूर सतत धरणाऱ्या खुंट्याही बहुतेक पेट्यांत ठरावीक काळ्या पाच स्वरांच्याच असतात. तो सूर धरायला मंडळात वीणा आहेच. सप्तकांचंही तसंच: 39 पट्ट्यांची सव्वातीन सप्तकी पेटी भजनाला पुरते.

उन्हाळ्याबद्दल मात्र सविस्तर बोललं पाहिजे, कारण आपल्याकडे बहुतेक पेट्या वाजवून खराब होत नाहीत, ठेवून होतात. चैत्र-वैशाखात पारा चाळिशीच्या वर जातो आणि पत्र्याच्या सभामंडपात तर त्याहून वाईट. लाकूड आक्रसतं. ज्या फळीवर रीड बसवलेल्या असतात तिला केसाएवढी भेग पडली तरी एका घरातली हवा दुसऱ्यात जाते आणि न दाबलेला सूर बारीक रडत राहतो. भात्याच्या कोपऱ्यांतला डिंक सुटतो. उन्हात उभ्या टेम्पोत पेटी ठेवणं म्हणजे हे सगळं एका दुपारीत करून घेणं. पत्र्याखाली न ठेवता स्लॅबच्या किंवा माळवदाच्या खोलीत, जमिनीपासून वर, भिंतीपासून हातभर दूर, सुती कापडात गुंडाळून ठेवावी. प्लास्टिकमध्ये नाही, पावसाळ्यात आत दमट हवा कोंडते, पट्ट्या फुगून एकमेकींना घासतात आणि रीडचं पितळ हिरवं पडतं. फुगलेल्या पट्ट्या कानशीने घासू नका, हिवाळ्यात त्या पुन्हा बारीक होतात आणि मग खडखडतात. उंदरांना भात्याचं चामडं आणि डिंक फार आवडतो. डांबरगोळ्या खोक्यात टाका, पेटीच्या आत नको.

उन्हाळ्याच्या सप्ताहात पखवाज आणि पेटी जुळत नाहीत अशी तक्रार दर वर्षी असते आणि दोष पेटीवाल्याला दिला जातो. कारण साधं आहे. कोरड्या उष्णतेत चामडं ताणलं जातं, पखवाज चढतो. पितळेची रीड गरम झाली की किंचित उतरते. पेटी रोज बदलता येत नाही, म्हणून पखवाज पेटीला लावून घ्यायचा, आणि तोही दुपारी नाही, कीर्तनाच्या अर्धा तास आधी.

एखादी रीड मध्येच गप्प झाली तर बहुतेक वेळा जिभेखाली कण अडकलेला असतो. साध्या पेटीत हे घरी होतं: वरचं झाकण काढा, रीडच्या फळीचे स्क्रू सोडवून फळी पट्ट्यांसकट उचला, खालच्या बाजूला रीड दिसतील. पातळ कागदाची पट्टी जिभेखालून हळूच ओढा, नखाने जीभ एकदा छेडा, परत बसवा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा ओलावा पितळ खातो. सूर लावायला मात्र स्वतः बसू नका. जिभेचं टोक खरवडलं की सूर चढतो, बुडाशी खरवडलं की उतरतो, हे खरं आहे, पण एक खरवडा जास्त झाला की ती रीड गेली. स्केलचेंजरमध्ये रीडपर्यंत पोचायला आधी सरकती चौकट आणि दांड्या काढाव्या लागतात, आणि त्या परत जुळवणं जाणत्या कारागिराचंच काम आहे. असा कारागीर तालुक्याला क्वचितच असतो. सप्ताहाच्या तिसऱ्या दिवशी रीड अडकली तर साधी पेटी तासाभरात उभी राहते, स्केलचेंजर जिल्ह्याच्या गावी जाते.

तेव्हा गावातल्या मंडळाने दोन ओळींची, मुरलेल्या सागवानाची साधी पेटी घ्यावी, आणि वाचलेल्या पैशातून मजबूत खोका करून एका सुराला गांधार ट्यूनिंग करून घ्यावं. दर वर्षी मोठा सप्ताह करणाऱ्या, दोन पखवाज असलेल्या मंडळाने स्केलचेंजर जरूर घ्यावी, पण कपलर नसलेली. दोन्ही बाबतींत दुकानदाराशी एक गोष्ट पावतीवर लिहून घ्या: पहिला उन्हाळा गेल्यावर एकदा फुकट ट्यूनिंग. नव्या रीड पहिल्या काही महिन्यांत हलतातच, आणि ज्येष्ठात लावलेली पेटी आषाढीपर्यंत नीट बसते.