सीडीओचा 'डिफएन': हवामान मॉडेलच्या फाइली ताडून पाहायला कितपत पुरतो?

सीडीओ हे हवामानाच्या फाइली हाताळण्यासाठी आज्ञा देऊन चालवायचं, हॅम्बुर्गच्या माक्स प्लांक हवामानशास्त्र संस्थेचं मोफत साधन आहे. पंचगंगा खोऱ्याचा पाऊस काढण्यासाठी ग्रिब फाइल नेटसीडीएफमध्ये (दोन्ही हवामानाची आकडेवारी साठवण्याचे फॉरमॅट) आणली असेल, तर मूळ फाइलशी ती ताडायला पहिलं हेच घ्यावं. विंडोजवर मात्र सहसा डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची सोय, लागते. एमडी5चा, म्हणजे फाइलच्या बाइटांवरून काढलेल्या ओळख-आकड्याचा, इथे उपयोग नाही, कारण फॉरमॅट बदलला की बाइट बदलतातच.

'डिफएन' या सीडीओच्या तुलनेच्या आज्ञेला दोन्ही फाइली द्या. प्रत्येक वेळ आणि पातळीसाठी किती बिंदू वेगळे आहेत आणि सर्वांत मोठा फरक किती, हे तो दाखवतो. 'एस' रकान्यात टी (म्हणजे 'हो') आला तर कुठेतरी चिन्ह उलटलंय, तिथे लगेच थांबा.

खरा धोका 'ॲबस्लिम'चा आहे, म्हणजे ज्याच्या आतला फरक 'डिफएन' सोडून देतो त्या मर्यादेचा. ही मर्यादा फाइलमधल्याच एककात मोजली जाते. पाऊस किलो प्रति चौरस मीटर प्रति सेकंद असा असताना सवयीने 0.001 टाकलंत, तर ती सूट दिवसाला 86.4 मिमी होते! गगनबावड्याचा जोरदार पाऊस अख्खा गायब झाला तरी अहवाल स्वच्छ येईल. मर्यादा पॅकिंगवरून, म्हणजे आकडे ठरावीक बिटांत कोंबण्याच्या पद्धतीवरून, काढा. 16 बिटांत 65535 पायऱ्या मिळतात. 0 ते 500 मिमीची व्याप्ती असेल तर एक पायरी सुमारे 0.0076 मिमी आणि चूक तिच्या निम्मी. एवढा फरक क्षम्य, त्याहून जास्त असेल तर कारण शोधायलाच हवं.

फरक शून्य आला म्हणून निर्धास्त होऊ नका. आकडे तेच राहून अक्षांशांची यादी उलटी लागू शकते. जाळीचं वर्णन देणाऱ्या 'ग्रिडडेस' आज्ञेत दोन्ही फाइलींचे वायफर्स्ट (पहिला अक्षांश) आणि वायइंक (अक्षांशांमधलं अंतर, चिन्हासह) पाहा. मग जवळच्या बिंदूचा आकडा देणाऱ्या 'रिमॅपएनएन'ने 74.24 पूर्व, 16.70 उत्तर हा कोल्हापूरचा बिंदू दोन्हींतून काढा. यादी उलटली असेल तर जुलैत इथे दक्षिण हिंदी महासागराचा पाऊस दिसेल. गहाळ बिंदूंची संख्या 'इन्फोएन' या सारांश देणाऱ्या आज्ञेतून जुळवा. राधानगरीच्या पर्जन्यमापकाशी आकडे जुळत नाहीत एवढ्यावरून रूपांतराला दोष देऊ नका; मॉडेलची 25 किमीची चौकट घाटमाथा आणि पठार एकत्र धरते.

एकक आणि कॅलेंडरच्या नोंदी मात्र 'डिफएन'वर सोडता येत नाहीत, ही मोठी उणीव. दोन्ही फाइली नेटसीडीएफ असतील तर एनसीसीएमपी हे नेटसीडीएफ फाइली ताडणारं वेगळं साधन मदतीला येतं. मूळ ग्रिब असेल तर नोंदी डोळ्यांनीच वाचाव्या लागतात. 360 दिवसांचं कॅलेंडर (प्रत्येक महिना 30 दिवसांचा) वापरणाऱ्या मॉडेलच्या रोजच्या नोंदींच्या फाइलीत 30 फेब्रुवारी असायलाच हवा. तारखा दाखवणाऱ्या 'शोटाइमस्टॅम्प'मध्ये तो नसेल, तर पुढच्या तारखा सरकल्या आहेत. रूपांतर पुन्हा करा.